माटोळीखाली

चतुर्थीच्या आदल्या दुपारी मी स्टुलावर,
दातांत केवणीचा दोर,
आणि दीक्षा खालून एकेक नग वर देते आहे:
तोरिंग, चिबूड, कवंडळं, पोफळांचा घड,
मग कोवळ्या आंबाड्यांचा घोस.
आंबाडे मी मोजून घेतो. एकवीस.
"गड्या, वाण्याचा हिशेब आहे का हा?" उल्हासकाका हसतो.
सावईवेऱ्यात आजवर माटोळी कुणी मोजली नव्हती.

स्टुलाच्या पायाशी स्वानंदी, अकरा महिन्यांची.
वरचं वैभव तिला दिसत नाही.
तिला फक्त पडतं ते दिसतं.

मे महिन्यात काजू पडला होता.
भाजलेला, अर्धा, बी फोडताना उडालेला.
आम्ही चौघं तिथेच होतो, हात काळे,
मानकुरादच्या भावावर बोलत.
मला वाटायचं, घास अडकला की आवाज होतो.
आवाज नव्हता.
तोंड उघडं, ओठ जांभळट,
आणि घरातला एक आवाज वजा.
आई टाळूवर फुंकर घालू लागली,
काका म्हणाला, पाणी पाजा,
मी बोट घालायला निघालो तिच्या तोंडात,
तर दीक्षाने माझा हात असा झटकला
की मनगटावर तिची बांगडी उमटली.

तिने पोरीला हातावर पालथं घेतलं,
डोकं खाली, जबडा बोटांत,
आणि दोन खवाट्यांच्या मधे तळहाताची टाच.
एक. दोन. तीन.
(डोसाच्या दिवशी बेतकीच्या दवाखान्यात
लविना सिस्टरने बाहुलीवर दाखवलं होतं.
अंगठा नि बोटाचं कडं करून सांगितलं होतं,
ह्यातून जातं ते गळ्यापर्यंत जातं.
मी तेव्हा बाहेर स्कूटर सावलीत लावत होतो.)
चार.
अर्धा काजू फरशीवर.
मग रडणं. ते मी अजून ऐकतो, आवडीने.

त्या रात्री मी गुडघ्यांवर रांगत घर पाहिलं.
तिच्या उंचीवरून ते दुसऱ्याच कुणाचं घर आहे.
कपाटाखाली कानातल्याची फिरकी,
रिमोटमधून निसटलेली चपटी बॅटरी,
बारशाच्या फुग्याचं लालभडक चिंधूक.
पडद्याची दोरी, फासासारखी नव्हे,
दोरीसारखीच, आणि म्हणूनच.
दाराच्या कडीला मासळीची प्लास्टिक पिशवी
वाऱ्याने श्वास घेत होती.
आणि पाळण्यात आईने शिवलेली मऊ उशी.

उशी काढली, तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाली, तुला ह्याच उशीवर वाढवलं.
वाढलो, खरं आहे.
ती उशी आता माझ्या पाठीशी असते, टीव्हीसमोर.
पोर निजते पाठीवर, मोकळ्या गादीवर,
हात वर टाकून, शरण आल्यासारखी.

तर, प्रत्येक नगाला दोन गाठी.
आणि पाच दिवस पाहुणे. पाच दिवस
कुणाच्या तरी चिमटीत खोबऱ्याचा तुकडा, चण्याची डाळ,
"देवाचा प्रसाद रे, कणभर तर..."
मी माझाच तळवा पुढे करतो.
तिचा वाटा मी खातो.
ह्या चतुर्थीत माझी विजार घट्ट झाली.

चौथ्या रात्री, सगळे निजल्यावर,
बॅटरी घेऊन मोजले. वीस.
पुन्हा मोजले. वीस.
पाटाखाली, समईमागे, चटईच्या घडीत.
झोपलेल्या पोरीच्या मुठी उघडून पाहिल्या,
एकीत काही नाही, दुसरीत माझंच बोट अडकलं.
नाकाशी उलटा हात धरला. ऊब.

बाल्कावावर काका जागाच होता.
सदऱ्याच्या खिशातून त्याने आंबाडा काढला,
अंगठा नि बोटाचं कडं केलं,
आणि चांदण्यात त्यातून खाली पाडला.
"जातो रे," म्हणाला.
"दुपारी पडला. तू जेवत होतास."